चार रिकाम्या कुप्यांबद्दल औषध नियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
मा. औषध महानियंत्रक (भारत), केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : गुरांना दिली जाणारी वेदनाशामक औषधे, मेलेल्या जनावरांत उरणारे त्यांचे अंश आणि गिधाडांचे मृत्यू

महोदय,

गेल्या भाद्रपदात आमच्या वाडीतील एक गाय मेली. आठ दिवस ती अंग टाकून पडली होती आणि शेवटचे दोन दिवस तिने वैरणीला तोंडही लावले नव्हते. ती मेल्याचे कळल्यावर मी गोठ्यामागच्या उकिरड्याकडे गेलो, ही माझी नोकरीतली जुनी खोड, आणि शेणात अर्धवट रुतलेल्या काचेच्या चार रिकाम्या कुप्या माझ्या हाती लागल्या. प्रत्येक कुपी ३ मिलिलिटरची होती, म्हणजे ७५ मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची, आणि माणसांसाठी बनवलेली. चार कुप्यांचे ३०० मिलिग्रॅम होतात. जनावराच्या वजनाच्या किलोमागे एक मिलिग्रॅम हा जुना हिशेब ज्याने कधी केला आहे, त्याला पुढचे सांगावे लागत नाही. अडीच-तीनशे किलोच्या त्या गाईला कुणीतरी असे औषध टोचले होते, जे जनावरांसाठी बनवण्यास आणि विकण्यास या देशात २००६ पासून मनाई आहे.

गाय ओढून नेऊन वरच्या माळावर टाकायची तयारी चालली होती. ती पुरावी असा मी आग्रह धरला आणि शेजाऱ्यांनी माझ्या वयाकडे पाहून तो मानला. आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागतो. चार माणसे पहारी घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत खपली तेव्हा कुठे गाईपुरता खड्डा झाला. प्रत्येक जनावरासाठी इतके कष्ट कुणी घेणार नाही, मीही त्यांना तसे पुन्हा सांगू शकणार नाही.

मी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात राहतो. १९८६ ते २०१७ या काळात जिल्हा परिषदेच्या श्रेणी-२ पशुवैद्यकीय दवाखान्यांत मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. आमच्याच जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी आहेत आणि कोकणात ही गिधाडे टिकून राहिलेल्या मोजक्या जागांपैकी ती एक आहे. गिधाडाला आपली हद्द कळत नाही. अन्नाच्या शोधात तो पक्षी दिवसाकाठी शंभर किलोमीटरही सहज हिंडतो. त्यामुळे आमच्या वाडीचा माळ त्याला लांब नाही, पुण्या-साताऱ्याकडचे घाटमाथेही लांब नाहीत.

हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार आहे तो पक्षिप्रेमी म्हणून नाही. नव्वदच्या दशकात डायक्लोफेनॅक गुरांसाठी बाजारात आले तेव्हा ते मीच टोचत होतो. कासदाह झालेली गाय, खूर सुजून लंगडणारा बैल, अवघड वेतानंतर तापलेली म्हैस, यांना ते दिले की संध्याकाळपर्यंत जनावर उठून रवंथ करू लागायचे. औषध स्वस्त होते आणि गुण लगेच दिसायचा, म्हणून शेतकरी त्याच इंजेक्शनची मागणी करायचे. बरे होणाऱ्या जनावरांना मी ते दिले, तसेच वाचणार नाही हे दिसत असलेल्या जनावरांनाही दिले, कारण मालकासमोर हात हलवत परतणे जमत नाही आणि मुक्या जिवाचे हाल तेवढे कमी होतात. पुढे कळले ते असे की सगळी मेख या दुसऱ्या प्रकारातच होती. औषध घेतलेले जनावर जगले तर आठवडाभरात ते त्याच्या अंगातून निघून जाते आणि कुणालाच काही होत नाही. मात्र शेवटच्या सुईनंतर दोन-तीन दिवसांत ते मेले तर औषध काळजात, मूत्रपिंडात, मांसात शिल्लक असते आणि ते मढे माळावर जाते. मरायला टेकलेल्या जनावरालाच वेदनाशामक सर्वांत जास्त दिले जाते, ही आमच्या व्यवसायातली अगदी साधी गोष्ट. परवाना देताना ती कुणी विचारात घेतली असती, तर पुढचे सगळे त्याच वेळी दिसले असते.

त्याच वर्षांत माळावर उतरणारी गिधाडे विरळ होत गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा बैल पडला की तासाभरात आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या आणि दिवस मावळायच्या आत सांगाडा उरायचा. २००० च्या आसपास तीच मढी पंधरा-पंधरा दिवस कुजत पडू लागली आणि त्यांच्याभोवती कुत्र्यांचे कळप दिसू लागले. मी दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहत होतो, पण माझ्या पेटीतल्या बाटलीचा त्यांच्याशी संबंध असेल हे माझ्या मनातही आले नाही. लोक म्हणायचे झाडे तुटली, कुणी म्हणायचे साथ आली असेल.

साथीचा संशय शास्त्रज्ञांनाही होता. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्यांनी घरटी केली होती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात पुन्हा मोजले, तेव्हा निम्म्याहून कमी उरल्या होत्या आणि थोड्याच वर्षांत तेथे एकही राहिली नाही. माना खाली टाकून दिवसचे दिवस बसलेले पक्षी फांदीवरून पडून मरत. शवविच्छेदनात त्यांच्या आतड्यांवर, यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर चुन्यासारखा पांढरा थर सापडे. तो थर युरिक आम्लाचा असतो. पक्ष्याचे मूत्रपिंड बंद पडले की ते रक्तात साठते आणि मग अवयवांवर जमते. २००४ च्या जानेवारीत लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून कारण सिद्ध केले, ते डायक्लोफेनॅक होते. किलोमागे मिलिग्रॅमचा एक-दोन दशांश एवढा अंश निम्म्या पक्ष्यांना मारायला पुरतो. चार-साडेचार किलोच्या गिधाडासाठी हा हिशेब मिलिग्रॅमच्याही आत येतो. आमच्या वाडीतल्या गाईला ३०० मिलिग्रॅम दिले होते.

महोदय, यात आणखी एक गणित आहे, जे मला निवृत्तीनंतर कळले आणि तेव्हापासून झोप लागत नाही. गिधाडे थव्याने खातात. एका मढ्यावर पन्नास-साठ पक्षी उतरतात आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. म्हणून शंभर मढ्यांत एखाद्यात, किंबहुना त्याहूनही कमी मढ्यांत, घातक अंश असला तरी ही घसरण घडायला पुरेसे होते, असे संशोधकांनी दाखवून दिले. प्रत्यक्षात बंदीच्या आधी घेतलेल्या नमुन्यांत सुमारे दहा टक्के मढ्यांत डायक्लोफेनॅक सापडले होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची ९९.९ टक्के गिधाडे गेली. लांब चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या आसपास आहे. या सगळ्यात माझा वाटा किती, हे मी मोजू शकत नाही. दिवसाला दोन-चार सुया, दहा-अकरा वर्षे, एवढेच मला सांगता येते.

२००६ च्या मे महिन्यात आपल्याच कार्यालयातून आदेश निघाला आणि जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवणे थांबवण्यास सांगितले गेले. ते पाऊल योग्य होते आणि तसे म्हणण्यात मला संकोच नाही. परंतु त्यानंतरच्या वीस वर्षांत जे झाले आणि जे झाले नाही, त्याबद्दल माझ्या तक्रारी आहेत.

पहिली तक्रार वेळेची आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. डायक्लोफेनॅकचा दोष २००४ मध्ये सिद्ध झाला, आदेश २००६ मध्ये निघाला आणि राजपत्रातील अधिसूचना २००८ मध्ये आली. आता त्याच्या जागी आलेल्या औषधांचे पाहा. केटोप्रोफेन गिधाडांना मारते हे २००९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले होते आणि त्यावर देशभर बंदी आली ती ३१ जुलै २०२३ रोजी, म्हणजे साडेतेरा वर्षांनी. बांगलादेशाने ते आपल्या दोन वर्षे आधी, २०२१ मध्येच बंद केले. ॲसिक्लोफेनॅकची गोष्ट तर शाळकरी मुलालाही समजावी अशी आहे, कारण ते गाईच्या शरीरात गेले की त्याचे डायक्लोफेनॅकच होते. हे २०१६ मध्ये गुरांवरच्या प्रयोगातून छापून आले. तरीही ज्या औषधावर आपण बंदी घातली होती तेच दुसऱ्या नावाने आणखी सात वर्षे आमच्या दवाखान्यांच्या आसपास विकले जात होते. निमेसुलाइडवर बोट ठेवले गेले तेही २०१६ च्या सुमारास आणि त्यावरील बंदीची तारीख ३० डिसेंबर २०२४ आहे. पहिल्या औषधाच्या वेळी सगळेच अंधारात होते, तरी दोन वर्षांत आदेश निघाला. नंतरच्या औषधांच्या वेळी सगळे माहीत होते, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे २६-अ हे औषधांवर बंदी घालण्याचे कलम वापरून झालेले होते, अधिसूचनेचा नमुना फाइलमध्ये तयार होता, आणि तरी सात, आठ, तेरा वर्षे लागली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले नसते तर आणखी किती लागली असती?

दुसरी तक्रार पद्धतीची आहे. प्रत्येक वेळी औषध आधी बाजारात येते, मग पक्षी मरतात, मग कुणीतरी त्यांची यकृते गोळा करून तपासतो, मग निबंध छापला जातो, मग समिती बसते. पुरावा गोळा करण्याचे ओझे मेलेल्या पक्ष्यांवर आणि तुटपुंज्या निधीवर काम करणाऱ्या संशोधकांवर आहे. औषध विकून पैसे मिळवणाऱ्यावर ते नाही. केंद्र सरकारच्या २०२०-२५ च्या गिधाड संवर्धन कृती आराखड्यात म्हटले होते की गुरांसाठीचे नवे वेदनाशामक गिधाडांवरील सुरक्षितता तपासल्यावरच आणावे आणि घातक ठरलेले औषध गुरांच्या वापरातून आपोआप निघून जाईल अशी व्यवस्था औषध महानियंत्रकांनी उभारावी. त्या आराखड्याची मुदत संपली. ती आपोआप चालणारी व्यवस्था आम्हाला खाली कुठेही दिसली नाही. फ्लुनिक्सिन या औषधाने स्पेनमध्ये गिधाड मेल्याची नोंद २०१५ पूर्वीची आहे. कारप्रोफेनबद्दलही शंका नोंदल्या गेल्या आहेत. याही वेळी आपण देशी मढ्यांची वाट पाहणार आहोत काय?

शेतकऱ्याच्या जनावराचे दुखणे थांबवू नये, असे मी कधीच म्हणणार नाही. जनावराला वेदना होते आणि ती कमी करणे हेच आमचे काम होते. पर्याय आहे म्हणूनच मी एवढ्या ठामपणे लिहीत आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक आहे हे २००६ मध्येच सिद्ध झाले आणि नंतर टोल्फेनॅमिक ॲसिडही तपासणीत उतरले. निवृत्त होईपर्यंतची शेवटची दहा वर्षे मी मेलॉक्सिकॅमच वापरले. गुण थोडा सावकाश दिसतो, हे खरे. सुरुवातीला शेतकरी कुरकुरले, तेही खरे. पण कासदाहाच्या गाई त्यानेही बऱ्या झाल्या.

तिसरी तक्रार त्या चार कुप्यांची आहे. जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद झाल्यावर माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या, ज्यांत ७५० मिलिग्रॅम औषध असे, म्हणजे दोन-तीन गाईंचा डोस. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर लागतात, तेव्हा एवढी मोठी बाटली कोणासाठी होती हे उघड होते. २००८ मध्ये आपल्या कार्यालयाने सत्तरहून अधिक कंपन्यांना ताकीद दिली आणि माणसांच्या औषधावर 'जनावरांसाठी नाही' असे छापण्यास सांगितले. त्याच सुमारास, नोव्हेंबर २००७ ते जून २०१० या काळात, ११ राज्यांतल्या अडीचशेहून अधिक दुकानांची पाहणी झाली, तेव्हा ३६ टक्के दुकानांत जनावरासाठी मागितल्यावर माणसांचे डायक्लोफेनॅक मिळाले. मोठ्या बाटल्यांवर बंदी यायला २०१५ चा जुलै उजाडला. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, पण २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. हा निर्णय उपयोगी होता. चार कुप्या फोडून भरणे हे एका बाटलीत सुई खुपसण्यापेक्षा किचकट आणि महाग आहे. पण किचकट म्हणजे अशक्य नव्हे, हे मी आमच्या उकिरड्यात पाहिले.

त्या कुप्या आणणाऱ्या माणसाला मी ओळखतो आणि त्याचे नाव मी येथे घेणार नाही. तो गावोगाव फिरून कृत्रिम रेतन करतो, बोलावले की सुईही देतो, आणि रात्री-अपरात्री जेथे सरकारी माणूस पोहोचत नाही तेथे तोच पोहोचतो. 'गिधाडं मरतात म्हणे, पण इकडं आहेत कुठं गिधाडं?' असे त्याने मला विचारले. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही असा नियम आहे, पण एका गावच्या दुकानात माणसाच्या नावाने चार कुप्या मागणाऱ्याला कोण अडवणार? मी दोन कार्यालयांत जाऊन हे सांगितले. एकाने जनावरांचा विषय आमच्याकडे येत नाही असे म्हटले, दुसऱ्याने औषधविक्रीचा विषय आमच्याकडे येत नाही असे म्हटले. दोघांचेही नियमाने बरोबर असेल.

चौथी तक्रार थोडी वेगळी आहे आणि तिच्यात माझीही चूक आहे. २००६ नंतर बंदीची माहिती आमच्यापर्यंत आली तेव्हा मी त्या वेळी नेमणुकीवर असलेल्या दवाखान्याच्या कपाटात डायक्लोफेनॅकच्या बाटल्या शिल्लक होत्या. वापरू नका, एवढे कळले. त्यांचे करायचे काय, हे कुणीही लिहिले नव्हते. मी त्या एक एक करून दवाखान्यामागच्या खड्ड्यात ओतल्या आणि काचा वेगळ्या पुरल्या. तो खड्डा ओढ्यापासून पन्नास पावलांवर होता. त्या दिवशी मला आपण नियम पाळला याचे समाधान वाटले होते. युरोपीय संघाने २०१५ मध्ये डायक्लोफेनॅक हे नद्यांच्या पाण्यात पाळत ठेवायच्या पदार्थांच्या यादीत घातले आणि तेथील २०२४ च्या सांडपाणी निर्देशानुसार मोठ्या शहरांच्या सांडपाण्यातून असे सूक्ष्म अंश काढण्याच्या जादा खर्चापैकी किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी उचलायचा आहे. हे वाचल्यावर मला तो ओढा आठवतो. २०२३ आणि २०२४ मध्ये आपण आणखी तीन औषधे बंद केली. गावोगावच्या कपाटांत त्यांचा जो साठा उरला असेल, तो परत घेण्याची काही सोय केली आहे काय? की माझ्यासारखे आणखी कुणी खड्डे खणत आहेत?

येथे थोडे विषयाबाहेर वाटेल असे एक लिहितो, पण ते बाहेरचे नाही. औषध रोग्याच्या अंगातून किंवा कारखान्याच्या नळातून बाहेर पडल्यावर कोठे जाते, हा प्रश्न आपल्या देशात एकदा सरकारने स्वतः विचारला होता. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी ज्या केंद्रात जात असे, तेथून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही इतके नसते. २०२० च्या जानेवारीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारखान्यांच्या सांडपाण्यातील १२१ प्रतिजैविकांसाठी मर्यादा सुचवणारा मसुदा काढला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यांत नव्हत्या. तो निर्णय आपल्या कार्यालयाचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण औषध बनवण्याचा आणि विकण्याचा परवाना ज्या यंत्रणेकडून मिळतो ती आपली आहे आणि त्या परवान्याच्या अर्जात हा प्रश्न आला तर बाकीच्यांना तो टाळता येणार नाही.

गिधाडे गेल्याने माणसांचे काय गेले, याचीही मोजदाद झाली आहे. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख जादा मृत्यूंचा संबंध गिधाडे नाहीशी होण्याशी जोडला आहे. कुजणारी मढी, त्यातून दूषित झालेले पाणी आणि वाढलेली कुत्री ही कारणे त्यांनी मांडली. मला हा आकडा तपासता येणार नाही. आमच्या माळावरची कुत्री मात्र मी पाहिली आहेत आणि पिसाळलेले कुत्रे चावलेली गुरेही तपासली आहेत.

दुसऱ्या बाजूला सरकारचाच पैसा पक्षी वाढवण्यावर खर्च होत आहे. हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली २० गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आणली गेली. लांब चोचीची दहा पेंचला आणि पांढऱ्या पाठीची दहा ताडोबाला. वर्षाला एक अंडे घालणारा पक्षी पिंजऱ्यात वाढवून मोकळा करायला किती माणसांचे किती कष्ट लागतात, याची मला कल्पना आहे. तो पक्षी ज्या मढ्यावर उतरेल त्यात काय आहे याची खात्री देणारे कुणी नसेल, तर वनखात्याच्या उजव्या हाताने जे दिले, ते औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रशासनाचा डावा हात काढून घेत आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

गुरांसाठीच्या ज्या वेदनाशामकाची गिधाडांवरील सुरक्षितता तपासलेली नाही, त्याची विक्री २६-अ कलमाखाली थांबवावी आणि तपासणीचा खर्च उत्पादकाने करावा. तपासणी सरकारी संस्थेत व्हावी आणि निकाल, तो काहीही असो, प्रसिद्ध व्हावा. आज मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही दोन औषधे या कसोटीला उतरलेली असल्याने शेतकऱ्याची अडचण होणार नाही. फ्लुनिक्सिन आणि कारप्रोफेन यांबाबत आपली भूमिका तारखेसह लेखी जाहीर करावी. 'विचाराधीन आहे' हे उत्तर आम्ही यापूर्वी पुष्कळ वाचले आहे.

राज्याच्या औषध प्रशासनाने रायगड, नाशिक, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर या जिल्ह्यांत, जेथे गिधाडे आहेत किंवा सोडली आहेत, माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या कुप्यांच्या विक्रीची नोंद दुकानागणिक तपासावी. एका छोट्या गावातील दुकानात महिन्याला किती कुप्या खपाव्यात याचा अंदाज कोणत्याही निरीक्षकाला असतो. त्याहून कितीतरी जास्त खप दिसला तर चिठ्ठ्या मागाव्यात, एवढे साधे काम आहे. दुकानदाराला आधी समज द्यावी. परवाना रद्द करण्याची घाई करावी असे माझे म्हणणे नाही.

याच जिल्ह्यांत दरवर्षी ठरावीक संख्येने मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने घेऊन तपासावेत आणि तालुकावार निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत. नमुना काढायला पाच मिनिटे लागतात. पशुधन पर्यवेक्षकांना ते काम आधीपासून येते, त्यांना बर्फाची पेटी आणि पाठवण्याचा पत्ता द्यावा.

बंद केलेल्या औषधांचा उरलेला साठा दवाखान्यांतून आणि दुकानांतून पावती देऊन परत घ्यावा, तो जाळून नष्ट करण्याची व्यवस्था उत्पादकाच्या खर्चाने करावी आणि पुढे कोणत्याही औषधावरील बंदीच्या अधिसूचनेतच ही तरतूद असावी.

शेवटची मागणी त्या खासगी माणसांबद्दल आहे. त्यांच्यावर कारवाईची भाषा केली की ते कुप्या उकिरड्याऐवजी विहिरीत टाकतील. त्यांना बोलावून एक दिवसाचे शिक्षण द्यावे, मेलॉक्सिकॅम सवलतीत मिळेल असे करावे आणि कुप्यांवरची ती इंग्रजी बारीक ओळ मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापायला लावावी. मला तिच्यासाठी भिंग लागले.

त्या चारही कुप्या मी धुऊन, पुसून एका डब्यात ठेवल्या आहेत. तिघींवरचा उत्पादन क्रमांक स्वच्छ वाचता येतो, चौथीवरचा अर्धा खरवडलेला आहे. दुकानाचे नाव मी जाहीरपणे लिहिणार नाही, परंतु आपल्या निरीक्षकांनी अधिकृत पत्र घेऊन यावे, मी ते त्यांना सांगेन आणि डबाही ताब्यात देईन. मी बहुधा घरीच असतो.

आपला,
एक सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक
जिल्हा रायगड